आडात नाही तर पोहऱ्यात कुठून? : इलेक्ट्रिक गाडीच्या प्रतीक्षेचे गणित

लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. मार्गशीर्षात तिथे घोड्यांचा आणि जनावरांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक घोड्याचे दात पाहते, चाल पाहते, भरपूर घासाघीस होते आणि पैसे मोजले की लगाम हातात! वाहन खरेदीची आपल्या भागातली ही सर्वांत जुनी आणि सर्वांत वेगवान पद्धत म्हणायला हरकत नाही.

आता त्याच लोह्यातला माणूस इलेक्ट्रिक कार घ्यायला नांदेडला जातो. शोरूममध्ये एसीत बसवतात, चहा देतात, चक्कर मारून आणतात. माणूस पैसे भरतो आणि त्याला मिळते काय, तर एक पावती आणि एक वाक्य : "दीड-दोन महिन्यात येऊन जाईल सर." दोन महिन्यांनी हेच वाक्य पुन्हा ऐकायला मिळते. इकडे गल्लीत रोजची विचारपूस सुरू होते, "काय गुरुजी, गाडी कवा यायली?" बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, अशी अवस्था. गाडी कंपनीत तयारसुद्धा झालेली नसते आणि घरात पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून भांडणे!

ही वाट पाहणे म्हणजे नशिबाचा खेळ आहे, असे बहुतेक लोक धरून चालतात. प्रस्तुत लेखात एवढेच दाखवायचे आहे की प्रतीक्षा ही लांबी, वजन, तापमान यांच्यासारखीच मोजता येणारी राशी आहे. आणि जी राशी मोजता येते तिच्याबाबतीत निर्णयही घेता येतो.

१. एका ओळीचे सूत्र

अमेरिकेतील जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांविषयीचा एक नियम सिद्ध केला. 'लिटलचा नियम' याच नावाने तो ओळखला जातो. आपल्या कामापुरता तो असा मांडता येतो :

प्रतीक्षेचा काळ = रांगेतील संख्या ÷ दर महिन्याला रांगेतून बाहेर पडणारी संख्या

बस्स, एवढेच. यात ना इंटिग्रेशन, ना लाप्लास. मेसच्या खिडकीसमोर आपल्यापुढे ४० जण आहेत आणि मावशी मिनिटाला ४ ताटे वाढतात, तर आपला नंबर १० मिनिटांनी लागणार. गाडीचेही तसेच. आपल्यापुढे ६० बुकिंग आहेत आणि डीलरला महिन्याला ८ गाड्या मिळतात, तर साडेसात महिने लागणार. मग समोरचा माणूस कितीही गोड हसून "दीड-दोन महिने" म्हणाला तरी फरक पडत नाही. अट एकच, की वेग साधारण स्थिर हवा आणि मधे कुणी घुसायला नको.

गंमत अशी की बुकिंग करताना आपण किंमत विचारतो, एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते ते विचारतो, रंग विचारतो. या सूत्रातले दोन आकडे मात्र कुणीच विचारत नाही.

२. खऱ्या आकड्यांवर ताळा

सूत्र खरे आहे का हे पाहायला आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ. महिंद्रा कंपनीने एक्सयूव्ही ४०० या इलेक्ट्रिक गाडीची किंमत जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केली. ही गाडी नाशिकच्या कारखान्यात बनणार होती आणि पहिल्या वर्षात २०,००० गाड्या ग्राहकांना देण्याचे कंपनीचे उद्दिष्ट होते. २६ जानेवारी २०२३ ला बुकिंग सुरू झाले आणि चारच दिवसांत १०,००० चा आकडा ओलांडला.

आता सूत्र लावा. वर्षाला २०,००० म्हणजे महिन्याला सुमारे १,६६७. रांगेत १०,०००. भागाकार केला तर सहा महिने. कंपनीने त्या वेळी सांगितलेली प्रतीक्षा होती सात महिन्यांपर्यंत. वहीच्या मागच्या पानावर केलेला हिशेब आणि कंपनीचे नियोजन यांत एका महिन्याचा फरक! तो फरकही समजण्यासारखा आहे. नवी गाडी पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने बनत नाही, उत्पादन हळूहळू चढते. शिवाय मोठ्या बॅटरीची गाडी आधी आणि लहान बॅटरीची नंतर, असा क्रम ठरलेला होता.

पुढे मागणीचा जोर आणखी वाढला. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी याच कंपनीच्या चाकणला बनणाऱ्या दोन नव्या इलेक्ट्रिक गाड्यांना पहिल्याच दिवशी ३०,१७९ बुकिंग मिळाले. परंतु असे आकडे वाचताना एक खबरदारी घ्यावी. बुकिंग म्हणजे विक्री नव्हे. परत मिळणारी रक्कम भरून बरेच लोक एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी नंबर लावून ठेवतात आणि नंतर एकच गाडी घेतात. त्यामुळे रांग दिसते त्यापेक्षा थोडी लहान असते आणि मधूनच कुणाचा तरी नंबर अचानक लवकर लागतो. त्याला लोक वशिला म्हणतात. बऱ्याचदा तो वशिला नसतो, पुढच्या चौघांनी घेतलेली माघार असते.

३. लोह्यातले एक घर

आमच्या एका वर्गमित्राचे घर लोह्यात आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नांदेडला न्यावे लागते. लोहा-नांदेड जाऊन-येऊन साधारण ७० किलोमीटर, म्हणजे रात्री घरी चार्ज केलेल्या गाडीला अगदी आरामाचे अंतर. हिशेब चांगला होता. जुनी डिझेल गाडी विकली, ते पैसे आणि बँकेचे कर्ज मिळून दसऱ्याला इलेक्ट्रिक गाडी बुक केली. सांगितले गेले : दिवाळीपर्यंत. दिवाळीत सांगितले : वर्षअखेर. वर्षअखेरीस सांगितले : पाडव्याला नक्की.

या काळात दर खेपेला भाड्याची गाडी करावी लागत होती. खेपेला १,६०० रुपये, महिन्याला नऊ खेपा, म्हणजे १४,४०० रुपये. शिक्षकाच्या पगारातून हे जात होते आणि गाडी दारात नव्हती. बँकेच्या मंजुरीपत्राची मुदतही संपत आली होती. एकदा गाडीवाला ऐनवेळी आला नाही आणि डायलिसिस दुसऱ्या दिवशीवर गेले. ती रात्र घरात कुणी झोपले नाही.

जानेवारीत मित्र सुट्टीला गेला तेव्हा तो वडिलांबरोबर शोरूमला गेला. भांडण केले नाही. वही काढली आणि दोनच प्रश्न विचारले : "आम्ही निवडलेल्या रंगात आणि बॅटरीत आमचा नंबर कितवा? मागच्या तीन महिन्यांत तशा किती गाड्या आल्या?" आधी टाळाटाळ झाली, पण शेवटी यादी उघडली. पांढऱ्या रंगात यांचा नंबर सव्विसावा होता आणि तीन महिन्यांत १२ गाड्या आल्या होत्या. २६ भागिले ४, म्हणजे साडेसहा महिने. पाडवा कसला, आषाढ उजाडणार होता! मग त्याने तिथेच विचारले, राखाडी रंगात काय? बॅटरी तीच, किंमत तीच. तिथे नवा नंबर सहावा लागणार होता आणि महिन्याला तीन गाड्या येत होत्या. म्हणजे दोन महिने.

वडिलांना पांढरा रंग फार आवडत होता. पण साडेचार महिन्यांचे भाडे म्हणजे ६४,८०० रुपये आणि आजोबांच्या खेपांची टांगती तलवार वेगळीच. त्यांनी रंग बदलला. गाडी नवव्या आठवड्यात आली. भागाकार केल्याने गाडी लवकर तयार झाली असे नाही. कुठल्या रांगेत उभे राहायचे हे मात्र त्याने ठरवले, आणि त्या घराला तेवढ्याचीच गरज होती.

४. आड नेमका कुठे आटतो?

आता सूत्रातल्या दुसऱ्या आकड्याकडे, म्हणजे वेगाकडे वळू. गाड्या कमी का येतात? डीलर म्हणजे पोहरा. आडातच पाणी नसेल तर पोहरा कितीदा सोडला तरी रिकामाच वर येणार. तेव्हा पोहऱ्यावर राग काढण्यापूर्वी आडात डोकावून पाहिलेले बरे.

आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते चेतक स्कूटरची गोष्ट सांगतील. बजाजची चेतक १९७२ मध्ये आली आणि पुढे तिच्यासाठी आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबावे लागे. पोरगी शाळेत असतानाच बापाने नंबर लावावा आणि जावयाला तरी वेळेवर मिळावी, असा तो काळ! सरकारी कोटा वेगळा, परकीय चलनात पैसे भरणाऱ्यांची रांग वेगळी. वापरलेली चेतक नव्या चेतकपेक्षा महाग विकली जाई. कारण काय? पत्रा नव्हता? कामगार नव्हते? तसे नव्हे. किती स्कूटर बनवायच्या हे सरकारी लायसन्सवर ठरत होते आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे गेली होती. १९८५ मध्ये आपल्या मराठवाड्यात वाळूजला बजाजचा नवा कारखाना उभा राहिला, हळूहळू स्पर्धक आले, १९९१ नंतर लायसन्सची पद्धत बहुतेक उद्योगांतून गेली आणि ती प्रसिद्ध रांग विरून गेली.

दुसरा आड २०२१ मध्ये आटला, तो चिप्सचा. २०२० च्या कोरोना टाळेबंदीत गाड्यांची विक्री थांबली म्हणून कंपन्यांनी चिप्सच्या ऑर्डरी रद्द केल्या. त्याच वेळी घरून काम आणि ऑनलाइन वर्ग सुरू झाल्याने लॅपटॉप, मोबाईलवाल्यांनी ती जागा घेतली. गाड्यांची मागणी परत आली तेव्हा वाहन कंपन्या रांगेच्या शेवटी होत्या. एक चिप तयार व्हायला साधारण तीन-चार महिने लागतात, त्यामुळे आज ऑर्डर दिली आणि उद्या माल आला असे होत नाही. त्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये बर्फाचे वादळ होऊन तिथले चिप कारखाने बंद पडले आणि मार्च २०२१ मध्ये जपानमधल्या रेनेसासच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. परिणामी लाखो रुपयांच्या गाड्या काही रुपयांच्या चिपवाचून अडल्या.

तिसरा आड खास इलेक्ट्रिक गाड्यांचा, आणि तो आम्हा विद्युत शाखेच्या मुलांच्या अभ्यासक्रमातला आहे. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटरमध्ये निओडिमियम-लोह-बोरॉनचे कायम चुंबक असते. मोटर तापल्यावर त्याचे चुंबकत्व ओसरू नये म्हणून त्यात डिस्प्रोशियम किंवा टर्बियम थोडेसे मिसळतात. एका कारमध्ये असे चुंबक साधारण एक-दोन किलोच लागते. पण जगातली सुमारे ९० टक्के अशी चुंबके चीनमध्ये बनतात. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. जुलै २०२५ मध्ये बजाजने इशारा दिला, की चुंबके न मिळाल्यास ऑगस्टमध्ये आपल्या इलेक्ट्रिक स्कूटरचे उत्पादन शून्यावर येऊ शकते. पुढे काही सोय झाली, पण झटका बसायचा तो बसलाच.

आणि या इलेक्ट्रिक स्कूटरचे नाव काय? चेतक! २०२० मध्ये बजाजने जुनेच नाव नव्या गाडीला दिले होते. म्हणजे पहा, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी चेतक लायसन्ससाठी अडली होती आणि २०२५ मध्येही परवान्यासाठीच अडली. तेव्हाचे लायसन्स दिल्लीत मिळत होते, आताचे बीजिंगमध्ये. दिल्लीवर निदान आपल्या मतांचा दाब होता, बीजिंगवर तोही नाही.

याला आणखी एक गणिती बाजू आहे. समजा एका गाडीसाठी १०० महत्त्वाचे पुरवठादार आहेत आणि त्यातला प्रत्येक जण ९९ टक्के वेळा माल वेळेवर देतो. ऐकायला किती छान! पण सगळेच्या सगळे एकदम वेळेवर असण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा शंभरावा घात, तो येतो सुमारे ०.३७. प्रत्येक जण ९९ गुण मिळवणारा हुशार विद्यार्थी असूनही सगळा वर्ग मिळून ३७ टक्क्यांवर! डिलिव्हरीच्या तारखा का घसरतात याचे बरेचसे उत्तर या एका घातात आहे. म्हणूनच कंपन्या सुटे भाग साठवून ठेवतात आणि एकाच वस्तूचे दोन पुरवठादार धरून ठेवतात.

५. विलंबाची किंमत कोण भरतो?

गाडी उशिरा आली तर फक्त कंटाळा येतो, असे नाही. महाराष्ट्र सरकारच्या जुलै २०२१ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात पहिल्या १०,००० कारना बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासाला ५,००० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख, असे अनुदान होते. त्याखेरीज लवकर घेणाऱ्यांसाठी जास्तीत जास्त एक लाखाची वेगळी सवलत होती. या वेगळ्या सवलतीची मुदत ३१ डिसेंबर २०२१ होती, ती नंतर ३१ मार्च २०२२ पर्यंत वाढवली.

आता हे कॅलेंडर चिप टंचाईच्या कॅलेंडरवर ठेवून पहा. सवलत गाडी विकत घेण्याच्या तारखेशी बांधलेली होती, पैसे भरून नंबर लावण्याच्या तारखेशी नव्हे. समजा एखाद्याने जानेवारी २०२२ मध्ये पैसे भरले आणि गाडी मे महिन्यात मिळाली. रांगेत तो प्रामाणिकपणे उभा होता, चूक कारखान्याच्या पलीकडच्या चिपची, आणि लाखाची सवलत मात्र याची गेली! साखळीतला उशीर शेवटी साखळीच्या शेवटच्या माणसाच्या खिशातून वसूल होतो, हे यावरून लक्षात यावे. धोरण आखणाऱ्यांनीही मुदत बुकिंगला जोडायची की नोंदणीला, याचा विचार करायला हवा.

६. नंबर लावण्यापूर्वी आणि लावल्यावर

घरी कुणी इलेक्ट्रिक गाडी घेणार असेल तर सुट्टीत गेल्यावर पुढील गोष्टी जरूर सांगा.

(१) आपल्याच रंगाच्या आणि आपल्याच बॅटरीच्या यादीत आपला नंबर कितवा ते विचारा. सगळ्या गाड्यांची मिळून एकूण रांग आपल्या उपयोगाची नाही.

(२) मागच्या तीन महिन्यांत तशा किती गाड्या आल्या ते विचारा. पुढे किती येणार, हे विचारू नका. पुढचे आश्वासन असते, मागचा आकडा असतो. गाड्या ट्रकमधून सहा-आठच्या गटाने येतात, म्हणून एका महिन्याचा आकडा फसवा असू शकतो.

(३) किंमत बुकिंगच्या दिवसाची लागणार की डिलिव्हरीच्या दिवसाची, आणि माघार घेतल्यास किती पैसे किती दिवसांत परत मिळणार, हे पावतीवर लिहून घ्या. तोंडी व्यवहार नको.

(४) चेसिस नंबर हाती येईपर्यंत जुनी गाडी विकू नका. बँकेच्या मंजुरीची मुदत प्रतीक्षेच्या हिशेबापेक्षा मोठी असू द्या.

(५) रिकामा वेळ वाया घालवू नका. घरी १५ अँपिअरचा सॉकेट, जाड वायर आणि चांगले अर्थिंग करून घ्या. ३० किलोवॅट-तासाची बॅटरी ३ किलोवॅटने भरायला दहा तास लागतात, म्हणजे दहा तास सलग भार. जुन्या घराची वायरिंग एवढे सोसेल का ते आधी तपासा आणि गरज असल्यास महावितरणकडे मंजूर भार वाढवून मागा. हे काम तर आपण पोरांनीच करायचे आहे, त्यासाठीच बाप फी भरतो.

(६) लेखी तारीख उलटली आणि पैसेही परत मिळेनात, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे ती पावतीच कामाला येते.

७. आपल्यासाठी काम

शेवटी आपल्या शाखांविषयी. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातच दुर्मिळ मृदा चुंबके बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. वर्षाला ६,००० टन क्षमतेचे तिचे लक्ष्य आहे. हा आड खोल करण्याचा प्रयत्न झाला. दुसरा मार्ग म्हणजे त्या आडाचे पाणीच न वापरणे. इंडक्शन मोटरला कायम चुंबक लागत नाही. स्विच्ड रिलक्टन्स मोटरलाही लागत नाही, मात्र ती आवाज करते आणि हलते, ते कमी कसे करावे हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. फेराइट चुंबके स्वस्त आहेत, पण ताकदीला कमी. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी तेच ते पाण्याच्या टाकीचे लेव्हल इंडिकेटर करण्यापेक्षा यातला एखादा विषय घेतला तर मार्गदर्शक सरांनाही बरे वाटेल, आणि कधीतरी लोह्याच्या एखाद्या घरासमोर गाडी महिनाभर आधी उभी राहील.

आता गृहपाठ. आज रात्री मेसमध्ये रांगेत उभे राहाल तेव्हा आपल्यापुढची डोकी मोजा, मिनिटाला किती ताटे वाढली जातात ते पहा आणि भागाकार करा. मग घड्याळ लावा. उत्तर जुळले तर लिटलसाहेबांचा विजय असो. जुळले नाही, तर मधे कोण घुसले ते शोधा. बहुतेक तृतीय वर्षाचेच कुणीतरी असेल!

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी